चालायला लागलात? मग या चुका टाळा: मधुमेह, पोटाची चरबी आणि दाह

दोन महिने चालूनही वजनाचा काटा हलत नाही म्हणून व्यायाम सोडणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आतड्यांभोवतीची चरबी नुसती पडून नसते. ती वाढली की मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी तिथे गोळा होतात, टीएनएफ-अल्फासारखी दाह (आतली सूज) वाढवणारी द्रव्यं सोडतात आणि इन्सुलिनचं काम अडतं. ही आतली चरबी वजन फारसं न घटताही कमी होऊ शकते. कोपनहेगनच्या संशोधकांनी पोट सुटलेल्या लोकांना 12 आठवडे सायकल चालवायला लावली. निष्कर्ष 2019 मध्ये आले. औषधाऐवजी नुसतं सलाइन दिलेल्यांची आतली चरबी घटली. ज्यांच्यात आयएल-6 या निरोप्या प्रथिनाचा मार्ग टोसिलिझुमॅब या औषधाने अडवला होता, त्यांनी तेवढाच व्यायाम करूनही ती घटली नाही. राबणारे स्नायू हेच आयएल-6 रक्तात सोडतात. काट्यावर यातलं काय दिसणार?

म्हणून टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, महिन्यातून एकदाच मोजा. पुरुषांत 90, स्त्रियांत 80 सेंटिमीटर ही आपल्याकडची मर्यादा. ‘मी तर बारीक आहे’ म्हणणाऱ्यांनीही मोजावं. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. युडकिन यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, 22.3, शरीरातली चरबी मात्र अनुक्रमे 21.2 आणि 9.1 टक्के!

रविवारी सिंहगड आणि सहा दिवस खुर्ची, हेही नको. व्यायामाने सुधारलेली, शरीराची इन्सुलिनला मिळणारी दाद एक-दोन दिवसांत ओसरते, म्हणून सलग दोन दिवस खाडा नको. आठवड्याला 150 मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने. नवख्यांनी दहा मिनिटांपासून सुरुवात करावी. पहिल्याच आठवड्यात धावायची घाई गुडघ्यांवर येते.

घाम काढणारे पट्टे विकत घेऊ नका. जातं ते पाणी.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर निघण्याआधी साखर तपासा. 90 mg/dL च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्या, पुन्हा तपासा, मगच निघा. उपाशीपोटी चरबी जास्त जळते म्हणून ही औषधं घेऊन तसंच चालणं धोक्याचं आहे. चालताना छातीत दाब आला तर तिथेच थांबा आणि थेट दवाखाना गाठा.

दाह मोजायला सीआरपी ही रक्तचाचणी करायची असेल तर सर्दी-तापात किंवा दमवणाऱ्या व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी रक्त देऊ नका. आकडा तात्पुरता चढलेला येतो.