पेलेट ग्रिल पेटवण्याची आणि तापवण्याची योग्य पद्धत

पेलेट ग्रिल, म्हणजे भुसा दाबून केलेले लाकडी तुकडे (पेलेट) जाळून पदार्थ शिजवणारी ग्रिल, विजेवर चालत असली तरी तिच्यातला विस्तव लाकडाचाच असतो, आणि बटण दाबून ती सुरू करण्याची सवय लागली की हे विसरायला होते. धूर कोंडणे, ग्रिल मध्येच विझणे, तापमान हवे तिथे न पोहोचणे, क्वचित झाकण धाडकन उचलले जाणे, अशा बहुतेक तक्रारींचे मूळ पदार्थ शिजत असतानाच्या वेळात सापडत नाही. ते सुरुवातीच्या वीस-पंचवीस मिनिटांत असते, आणि त्याहूनही अधिक, ग्रिल सुरू करण्यापूर्वी फायर पॉटमध्ये काय शिल्लक राहिले होते यात असते.

फायर पॉट म्हणजे ग्रिलच्या तळाशी असलेले छोटे, भोके असलेले लोखंडी भांडे. बाजूच्या हॉपरमध्ये, म्हणजे पेलेट साठवण्याच्या पेटीत, भरलेले लाकडी पेलेट ऑगर नावाचा फिरता स्क्रू हळूहळू पुढे ढकलत या भांड्यात आणून टाकतो. तिथे इग्नायटर नावाची विजेची कांडी लालबुंद तापून त्यांना पेटवते आणि खालचा पंखा भोकांतून हवा फुंकत राहतो. ज्वालेच्या वर एक जाड पत्रा असतो, त्याच्यावर चरबी वाहून नेणारा तिरका ट्रे आणि सर्वांत वर जाळी. आतल्या हवेचे तापमान एक सेन्सर मोजतो आणि त्यानुसार कंट्रोलर ऑगर केव्हा व किती वेळ फिरवायचा ते ठरवतो. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात जो ट्रेगर यांनी १९८० च्या दशकात अशी ग्रिल प्रथम बाजारात आणली, तेव्हापासून कंट्रोलर पुष्कळ हुशार झाले, पण जळणाची ही व्यवस्था जवळपास तशीच राहिली आहे. पेलेट, हवा आणि कांडीची उष्णता या तिघांपैकी एकात जरी अडथळा आला, तरी कंट्रोलर कितीही महाग असो, आग नीट धरत नाही.

जागा आणि वीज

ग्रिल नेहमी उघड्यावरच पेटवावी. गॅरेजमध्ये दार उघडे ठेवून किंवा छताखालच्या बंदिस्त गच्चीत ती चालवणे धोक्याचे आहे, कारण जळणाऱ्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो. भिंत, कठडा, कापडी छत्री अशा पेट घेणाऱ्या वस्तूंपासून किती अंतर ठेवायचे हे प्रत्येक कंपनीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. त्यात स्वतःच्या अंदाजाने कपात करू नये. जमीन सपाट असावी, नाहीतर चरबी तिच्यासाठी लावलेल्या बादलीकडे न वाहता ट्रेवरच साचते. इग्नायटर तापत असताना ग्रिल एरवीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढते, म्हणून अर्थिंग असलेला प्लग वापरावा, आणि एक्स्टेन्शन लागलेच तर जाड तारेचे, बाहेर वापरण्याजोगे घ्यावे. बारीक आणि लांबलचक वायरमुळे कांडीला पुरेसा विजेचा दाब मिळत नाही आणि पेटायला उगाच उशीर होतो.

पेटवण्याआधीची सफाई

सुरुवात करताना जाळी, ट्रे आणि पत्रा उचलून फायर पॉट उघडा करावा. हे काम कंटाळवाणे आहे खरे, आणि दर वेळी सगळे सुटे करण्याची गरज नाही असेही काही जण म्हणतील. मात्र मागच्या खेपेला ग्रिल बराच वेळ चालली असेल किंवा मध्येच विझली असेल, तर ते टाळू नये. तळाशी साचलेली राख हवेची भोके बुजवते आणि कांडीला गोधडीसारखी लपेटून टाकते. मग कांडी तापते, पण तिची आच पेलेटपर्यंत पोहोचत नाही.

राख काढण्यासाठी व्हॅक्यूम क्लीनर वापरायचा असेल तर ग्रिल पूर्णपणे गार झालेली असली पाहिजे. राखेच्या पोटात दडलेला निखारा कित्येक तास जिवंत राहू शकतो, आणि तो ओढला गेला तर व्हॅक्यूमची पिशवीच पेटते. काढलेली राख झाकण असलेल्या धातूच्या डब्यात ठेवावी, कचऱ्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत टाकू नये. त्याच वेळी सेन्सरच्या कांडीवरची काजळी कापडाने पुसून घ्यावी, कारण काजळीचा थर चढलेला सेन्सर तापमान चुकीचे सांगतो आणि कंट्रोलर त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. ट्रेवरची जुनी चरबी खरवडून काढावी आणि बादली रिकामी करावी. पुढे २०० अंश सेल्सिअसच्या वर जायचे असेल तर हे विशेष महत्त्वाचे आहे. साचलेली चरबी पेट घेते ती बहुधा अशा मोठ्या तापमानावर.

पेलेट

स्वयंपाकासाठी बनवलेले पेलेटच वापरावेत. खोली गरम करण्याच्या शेगड्यांसाठी विकले जाणारे पेलेट दिसायला सारखेच असले तरी त्यांत राळयुक्त मऊ लाकूड, साल किंवा इतर पदार्थ असू शकतात, आणि त्यांचा धूर अन्नाला लागणे योग्य नाही. चांगला पेलेट हातात टणक आणि तुकतुकीत लागतो, मोडताना कट असा आवाज करतो. पेलेट म्हणजे मुळात दाबून घट्ट केलेला लाकडाचा भुसा. त्याला धरून ठेवते ते लाकडातलेच लिग्निन. पाणी लागले की तो फुगतो आणि पुन्हा भुसा होतो. असा भुसा ऑगरच्या नळीत गेला तर सिमेंटसारखा घट्ट बसतो, आणि मग ग्रिल खोलण्यावाचून उपाय राहत नाही. म्हणून पिशवीच्या तळाशी उरलेला चुरा हॉपरमध्ये ओतू नये.

हॉपरमध्ये पेलेट भरपूर आहेत असे वरून दिसत असले तरी एकदा हाताने सारखे करून घ्यावेत, कारण ऑगरच्या बरोबर वर पोकळी तयार होऊन कडेचे पेलेट तसेच उभे राहण्याचा प्रकार अनेकदा घडतो. हॉपर पूर्ण रिकामा झाला असेल किंवा ग्रिल नवी असेल, तर ऑगरची नळीही रिकामी असते. अशा वेळी प्रायमिंगची, म्हणजे पेटवण्याआधी ऑगर फिरवून नळी भरून घेण्याची, सोय असल्यास ती वापरावी आणि पेलेट फायर पॉटमध्ये टपटप पडू लागताच थांबवावे. नळी भरायला काही मिनिटे लागतात, तेवढा धीर धरावा; मात्र भांडे पेलेटने भरून टाकू नये. थोडे पेलेट लवकर पेटतात, ढीग नुसता धुमसतो.

पेटवणे

झाकण उघडे ठेवून सुरू करायचे की बंद ठेवून, यावर बरेच वाद होतात, आणि दोन्ही बाजू आपापल्या ग्रिलपुरत्या बरोबर असतात. जुन्या धाटणीच्या अनेक ग्रिलमध्ये झाकण उघडे ठेवायचे असते, म्हणजे सुरुवातीचा दाट धूर आत कोंडत नाही; आग धरल्याचा घरघराट ऐकू आला, धूर ओसरला, की मगच झाकण बंद करून तापमान ठरवायचे. नव्या कंट्रोलरच्या अनेक ग्रिल मात्र आतले तापमान चढते आहे का यावरून आग लागली की नाही हे ओळखतात. त्यांचे झाकण उघडे राहिले तर उष्णता निसटते, कंट्रोलरला आग लागलेलीच नाही असे वाटते आणि तो आणखी पेलेट ढकलत राहतो. म्हणून या एका बाबतीत शेजाऱ्याचा सल्ला बाजूला ठेवून आपल्या ग्रिलची माहितीपुस्तिका उघडावी.

बटण दाबल्यावर पहिली काही मिनिटे फारसे काही दिसत नाही. कांडी तापते, पेलेटच्या कडा काळ्या पडतात आणि दाट, पांढरा किंवा किंचित पिवळसर धूर येऊ लागतो. हा धूर पाहून घाबरू नये, आणि खुश होऊन जाळीवर काही ठेवूही नये. तो अर्धवट जळणाऱ्या लाकडाचा धूर असतो आणि पदार्थाला कडवट चव देतो. ज्वाला धरली की आवाज बदलतो, धूर पातळ होतो आणि पुढे इतका विरळ निळसर होतो की तो येतो आहे की नाही हे निरखून पाहावे लागते. धूर जितका दाट तितका स्वाद चांगला, हा समज नवशिक्यांना सर्वाधिक महागात पडतो.

पांढरा धूर दहा मिनिटांनंतरही तसाच येत असेल आणि तापमान चढत नसेल, तर आग धरलेली नाही असे समजावे. या क्षणी सर्वांत मोठी चूक म्हणजे ग्रिल बंद करून लगेच पुन्हा सुरू करणे. प्रत्येक खेपेला ऑगर नवे पेलेट टाकतो, आधीचे धुमसतच असतात, आणि त्यांतून निघालेला ज्वलनशील वायू आत साचत जातो. अखेर कुठेतरी ज्वाला पेटली की तो सगळा एकदम भडकतो. झाकण धाडकन उचलले जाण्याचे कारण हेच. म्हणून ग्रिल बंद करावी, चेहरा आणि हात दूर ठेवून झाकण सावकाश उघडावे, धूर निघून जाऊ द्यावा आणि सर्व गार झाल्यावर फायर पॉट रिकामा करावा. बाहेर काढलेले अर्धवट जळालेले पेलेट हॉपरमध्ये परत टाकू नयेत. त्यानंतर कांडी तापते का, ऑगर फिरतो का, पंखा फुंकतो का, हे एकेक तपासावे. पेटवण्यासाठी रॉकेल, पेट्रोल किंवा तत्सम द्रव मात्र कधीही ओतू नये.

तापवणे

पडद्यावर ठरवलेला आकडा दिसला म्हणजे ग्रिल तापली, असे नाही. तो आकडा सेन्सरजवळच्या हवेचा असतो. जाळी, खालचा पत्रा आणि झाकणाचा धातू यांना उष्णता धरायला अधिक वेळ लागतो, आणि पदार्थावर जाळीच्या खुणा उमटणे, तो न चिकटणे हे हवेपेक्षा या धातूवर अवलंबून असते. त्यामुळे आकडा गाठल्यावरही झाकण बंद ठेवून आणखी १० ते १५ मिनिटे थांबावे. मंद धुरावर शिजवण्यासाठी १०७ अंश सेल्सिअस, म्हणजे २२५ अंश फॅरनहाइट, गाठायला फार वेळ लागत नाही. २३० अंशांच्या पुढे जायचे असेल, बाहेर थंडी किंवा वारा असेल, तर अर्धा तास सहज लागू शकतो. जाड बिडाची जाळी पातळ पत्र्याच्या जाळीपेक्षा उशिरा तापते, पण पदार्थ ठेवल्यावर तितक्या पटकन गारही पडत नाही.

या काळात आकडा थोडा खाली-वर होत राहणारच. ऑगर पेलेट टाकतो, ते जळतात, तापमान चढते, ऑगर थांबतो, तापमान उतरते. दहा-पंधरा अंशांचा हा झोका दोष नसून यंत्रणेचा स्वभाव आहे. त्याकडे पाहून सतत तापमान बदलत बसू नये, आणि झाकण उघडून डोकावूही नये. झाकण उघडे राहिले की कंट्रोलर घाबरल्यासारखा जास्तीचे पेलेट टाकतो, आणि झाकण बंद केल्यावर ते सगळे पेटून तापमान ठरवलेल्या आकड्याच्या बरेच वर जाते. जाळी घासायची असेल तर ती तापवण्याच्या अखेरीस, एकदाच झाकण उघडून घासावी. तापलेला चिकटा सहज निघतो. तेल लावायचे तर ते पदार्थाला लावावे, म्हणजे ते ट्रेवर टपकून धुरकट होत नाही.

तापत असताना चरबीने पेट घेतलाच, तर झाकण बंदच ठेवून ग्रिल बंद करावी आणि आग हवेविना विझू द्यावी. पाणी ओतल्यास पेटती चरबी उसळून बाहेर येते.

पहिलीच वेळ असल्यास

नव्या ग्रिलच्या पत्र्यांवर कारखान्यातले तेल आणि रंगाचा वास असतो. कोणताही पदार्थ न ठेवता ती साधारण १७५ अंशांवर वीसेक मिनिटे आणि नंतर २३० अंश किंवा त्याहून वर अर्धा तास चालवावी. पुस्तिकेत वेगळे आकडे असतील तर ते पाळावेत. या वेळी येणारा रासायनिक वास ओसरला की काम झाले. आतले सर्व पुठ्ठे, चिकटपट्ट्या आणि पॅकिंगचे तुकडे निघाल्याची खात्री मात्र आधीच करून घ्यावी. पत्र्याखाली चिकटलेला एखादा तुकडा नजरेतून सहज सुटतो.

बंद करणे

पुढच्या वेळची सुरुवात इथेच ठरते. स्वयंपाक झाल्यावर प्लग ओढून ग्रिल बंद करू नये. शटडाउनचे बटण दाबल्यावर ऑगर थांबतो, पण पंखा आणखी काही मिनिटे चालू राहून भांड्यातले उरलेले पेलेट जाळून संपवतो. ते अर्धवट राहिले तर विस्तव ऑगरच्या नळीतून मागे हॉपरकडे सरकण्याची शक्यता असते, आणि तसे झाले नाही तरी पुढच्या वेळी त्याच धुमसलेल्या ढिगावर नवे पेलेट पडतात. मध्येच वीज गेली तर झाकण बंद ठेवून ग्रिल गार होऊ द्यावी, स्विच बंद करावा, आणि वीज आल्यावर फायर पॉट पाहूनच ती पुन्हा सुरू करावी. ग्रिल काही आठवडे वापरायची नसेल किंवा हवा दमट असेल, तर हॉपर रिकामा करून पेलेट घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत आणि ऑगरच्या नळीतले उरलेले पेलेटही जाळून संपवावेत.