परदेशात हातकला शिकायला जाताय? पहिला बेत नेपाळचा करा

पैठण, जालना, नांदेडकडून परदेशात जाऊन एखादी पारंपरिक कला शिकायची आणि बदल्यात तिथं हातभार लावायचा, असा विचार असेल तर सुरुवात नेपाळपासून करा. कारण व्हिसा. बऱ्याच देशांत पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामसुद्धा चालत नाही. जेवणखाण आणि झोपायला जागा मिळाली तरी तो मोबदला धरला जातो. इंडोनेशियात उतरल्यावर मिळणारा व्हिसा ३० दिवसांचा, तो एकदाच वाढतो आणि त्यावर काम करता येत नाही. भूतानला भारतीयांना व्हिसा नको, पण माणशी एका रात्रीचं शुल्क १,२०० रुपये, म्हणजे ३० रात्रींचे ३६,००० गेले. खोलीभाडं वेगळंच. नेपाळशी १९५० चा करार असल्यामुळे तिथं राहायला आपल्याला व्हिसा लागत नाही.

विमानानं जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. नुसत्या आधारवर जाऊ नका. नांदेड, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर या स्टेशनांवरून सचखंड एक्सप्रेस दिल्लीला नेते. पुढं विमान, नाहीतर गोरखपूर आणि सुनौली सीमेवरून बस. पैशांचा हिशेब सोपा आहे: आपले १०० म्हणजे तिथले १६०.

कला निवडताना हाताला आधीच काय येतं ते बघा. पैठणीच्या मागावर बसलेल्यानं नेपाळमधल्या पाल्पा जिल्ह्याचं ढाका कापड विणायला शिकावं. पण एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. पैठणीत तिल्लीवरचा (छोट्या रिळावरचा) रंगीत धागा हाच बाणा, म्हणजे आडवा धागा, असतो आणि तो शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून पुढं जातो. ढाक्यात तळाचा बाणा या काठापासून त्या काठापर्यंत आरपार जातो, नक्षीचा धागा त्याच्या जोडीला जादा घालतात. सवयीनं धागे एकमेकांत अडकवत बसलात तर विणकाम चुकेल. हिमरू विणणाऱ्याला हा जादा बाणा ओळखीचा वाटेल.

धातूकामासाठी काठमांडूजवळचं पाटण, म्हणजे ललितपूर. तिथं मूर्ती मेणाच्या नमुन्यावरून ओततात. आधी मेणाची मूर्ती घडवायची, तिच्यावर माती, शेण आणि भाताचा तूस यांचे थर द्यायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा. मग साचा तापवून मेण बाहेर काढायचं, त्या पोकळीत वितळलेलं तांबं ओतायचं आणि शेवटी साचा फोडायचा. घात होतो तो वाळवणीत. आत ओल राहिली की ओतताना तिची वाफ होते, साचा तडकतो आणि कधी कधी तापलेला धातू बाहेर उसळतो. म्हणून पावसाळ्यात हे काम रेंगाळतं. जून ते सप्टेंबर जाऊच नका, आणि दसैं-तिहारच्या (तिथल्या दसरा-दिवाळीच्या) दिवसांत कारखाने बंद असतात. नोव्हेंबर ते एप्रिल हे दिवस बरे.

कारागिराशी थेट बोला; हिंदी बहुतेक ठिकाणी चालते. पहिल्याच निरोपात चार गोष्टी सांगा: कधीपासून कधीपर्यंत येणार, रोज किती तास बसणार, काय करून देणार, शिकण्याचे किती देणार. ‘काहीही करीन’ म्हणणाऱ्याला झाडलोटच मिळते. मालाचे चांगले फोटो, इंग्रजीत माहितीच्या चिठ्ठ्या, ऑर्डरींची वही असं नेमकं काम सांगितलं की बोलणी पुढं सरकतात. ठरलेलं व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. जेवण कुणाचं, वाया गेलेल्या मेणाचे पैसे कुणी द्यायचे, हेही त्यातच येऊ द्या. भांडणं नेमकी इथंच होतात.

स्वयंसेवेसाठी मोठी फी मागणारे दलाल टाळा. तेच पैसे उस्तादाच्या हातात गेले तर शिकवणी तरी मिळेल. अनाथाश्रमात दोन आठवडे मुलांना ‘शिकवायचं’ असले कार्यक्रम तर नकोतच, त्यात मुलांचंच नुकसान होतं.

महिन्याहून कमी वेळ असेल तर ती सहल समजा. पहिले काही दिवस मेण मळणं आणि ओतीव तुकड्यांवर कानस मारणं एवढंच हातात येईल. त्याला नाक मुरडू नका, मेणाचा मऊपणा बोटांना तिथंच कळतो.

परतताना कानस, कोरणी, कात्री चेक-इन सामानात टाका. केबिनमधून काढून घेतील. आणि मूर्ती आणणार असाल, अगदी स्वतः घडवलेली असली तरी, काठमांडूच्या पुरातत्त्व विभागाचा दाखला घ्या. जुनी दिसणारी मूर्ती त्याच्याशिवाय विमानतळावर अडकते.