वजनकाटा सर्व्हरला दिसेना, मग मी काय केलं

सांगलीत मार्केट यार्डात आमच्या ओळखीच्या एका हळदीच्या अडतीवर मी कॉम्प्युटरचं बघतो. ऐन सीझनला शेठचा फोन, काट्याचं वजन बिलात येईना, बाहेर पोत्यांची थप्पी लागलीय आणि हमाल नुसते बसून. काट्यावर आकडा बरोबर दिसत होता म्हणजे काटा चांगला, केबल बदलली, सर्व्हर रीस्टार्ट केला, तरी ढिम्म.

मग अडतीवरचं पोरगं हळूच म्हणालं, दादा सकाळी झाडताना काट्याची ती पिन निघाली होती, मी लावली परत. लावली खरी, पण शेजारच्या भोकात! काटा जुना सिरीयलवाला, म्हणजे यूएसबीच्या आधीच्या पोर्टचा, म्हणून मधे यूएसबीला जोडणारा कन्व्हर्टर. असल्या स्वस्त कन्व्हर्टरला बहुतेकदा स्वतःचा ओळख नंबर (सिरीयल नंबर) नसतो, त्यामुळं पोर्ट बदलला की विंडोजला ते नवीनच डिव्हाइस वाटतं आणि त्याला दुसरा कॉम नंबर, म्हणजे विंडोजमधला सिरीयल पोर्टचा नंबर, मिळतो. बिलिंग बिचारं कॉम ३ वरच वाट बघत बसलेलं, काटा गेलेला कॉम ७ ला.

डिव्हाइस मॅनेजरात व्ह्यूमधून हिडन डिव्हाइसेस चालू केली तर फिकट आयकॉनची भुतं, म्हणजे आता न जोडलेल्या डिव्हाइसच्या जुन्या नोंदी दिसल्या, त्या अनइन्स्टॉल केल्या, म्हणजे ३ नंबर मोकळा झाला. मग चालू पोर्टच्या प्रॉपर्टीजमधे पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड, तिथं नंबर परत ३ केला, पिन काढून घातली, वजन आलं. जाता जाता यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवायची टिकपण काढली, नाहीतर काटा मधेच झोपतो. त्या भोकाजवळ आता लाल चिकटपट्टी लावलीय, पोराला दम दिलाय.