टीव्ही घेण्याआधी जिना मोजा

मी टीव्ही विकत नाही, भिंतीवर चढवतो. भांडुपहून बाइकला ड्रिलची बॅग अडकवून निघतो. सकाळी लालबागची चाळ, दुपारी मुलुंडचा टॉवर. स्क्रीनच्या गुणांवर सेल्समन हवं तेवढं बोलेल. मी घरापासून सुरुवात करतो, कारण टीव्ही अडतो तो घरात.

आधी टेप काढा. 43 इंची टीव्ही साधारण 96 सेंटिमीटर रुंद, 55 इंची 123, म्हणजे चार फुटांच्या वर. खोका त्याहून मोठा, आणि तो उभाच न्यायचा. आडवा झोपवला की पॅनेलला तडा जायची भीती. जिन्याच्या वळणावर, जाळीच्या लिफ्टमध्ये, दारासमोरच्या चपलांच्या रॅकपाशी तो कसा फिरेल ते बघून घ्या. बसायची जागा भिंतीपासून सहा-सात फुटांवर असेल तर फोर-के 55 इंचीसुद्धा छान दिसतो. जवळून डोळे जातात वगैरे काही नाही. अडचण डोळ्यांची नसते, जिन्याची असते.

दुकानात एकच परीक्षा मी सगळ्यांना सांगतो. समोर उभं राहू नका, बाजूला जा. आपल्या घरात एकटा माणूस मधोमध सोफ्यावर बसून टीव्ही बघतोय असं होतच नाही. आजी पलंगावर, मुलं खाली चटईवर, वहिनी किचनच्या दारातून. तिरकं बघितल्यावर काळा रंग राखाडी पडला, चेहरे फिके झाले, तर तो बहुधा व्हीए पॅनेल, म्हणजे एलसीडी स्क्रीनचा एक प्रकार. समोरून त्याचा काळा रंग झकास असतो, पण बाजूने मार खातो. आयपीएस हा दुसरा प्रकार तिरकं चांगला दिसतो, मात्र अंधाऱ्या खोलीत काळा रंग थोडा उजळ वाटतो. बॉक्सवर हे बहुतेक लिहिलेलं नसतं, म्हणून चालत जाऊनच बघायचं. आणि पेन ड्राइव्हमधला चकचकीत मोर दाखवू देऊ नका, साधं न्यूज चॅनल लावायला सांगा.

भावाचं बोलायचं तर 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांच्या वरच्या टीव्हींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. त्यामुळे कोणी जुन्या एमआरपीवर ‘दसरा सूट’ दाखवत असेल तर हिशेब आधी टॅक्सचा करा. बिलावर सिरियल नंबर हवाच. इन्स्टॉलेशन फुकट म्हणतात, स्टँडचे पैसे वेगळे लावतात. तेही विचारून ठेवा.

आता भिंत. नव्या टॉवरमध्ये मायवन पद्धतीचं सलग काँक्रीट असतं, तिथे साधं ड्रिल नुसतं रडतं, हॅमर ड्रिल लागतं. पण एकदा फास्टनर बसला की निर्धास्त. सिपोरेक्सच्या हलक्या, सच्छिद्र ब्लॉकला स्क्रूची साधी प्लास्टिकची गिट्टी ढिली पडते, त्याची वेगळी घ्यावी लागते. जुन्या चाळीत प्लास्टर हाताने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तिथे नको. लाकडी किंवा जिप्समच्या पार्टिशनवर आतून प्लाय मारल्याशिवाय मी टीव्ही टांगत नाही, गिऱ्हाईक चिडलं तरी. आणि ज्या भिंतीवर पावसाळ्यात ओल येते ती सोडा. मुंबईत पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे पश्चिमेची बाहेरची भिंत बहुधा तीच निघते.

उंचीवरून माझं घरोघरी भांडण होतं. सगळ्यांना टीव्ही देवाच्या फोटोएवढा वर हवा असतो. बसल्यावर डोळे जिथे येतात, तिथे स्क्रीनचा मध्य यायला हवा. जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास. मान वर करून सिरियल बघणाऱ्यांनी बाम आणून ठेवावा.

रंगकाम काढणार असाल तर भिंतीत केबलसाठी दोन इंची पाइप टाकून घ्या. पाऊण इंचीतून एचडीएमआय केबलचं डोकं जात नाही, मग नवी भिंत परत फोडतात. बऱ्याच सोसायट्यांत दुपारी ड्रिल बंद असतं, आम्हाला सकाळीच बोलवा.

खोका कंपनीचा माणूस आल्याशिवाय उघडू नका, आणि उघडताना व्हिडिओ काढा. टीव्ही चालू झाला की तो ‘होम की स्टोअर’ विचारतो. होम. मग पिक्चर मोडमध्ये भडक रंगांचा विविड काढून सिनेमा किंवा फिल्ममेकर लावा. दोन दिवस पिवळट वाटेल, नंतर दुसऱ्यांचे टीव्ही निळे दिसू लागतील. मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग, बंद करा, नाहीतर पिक्चरचीसुद्धा सिरियल होते. क्रिकेटला हवं तर थोडं ठेवा. ही सेटिंग्ज पुष्कळ टीव्हींत प्रत्येक एचडीएमआयला वेगळी असतात, म्हणून सेट टॉप बॉक्सवर जाऊन पुन्हा बघा. बॉक्सचं आउटपुट 1080 वर आहे का तेही तपासा. एचडी पॅकचे पैसे भरून 576 वर बघणारी घरं मी खूप पाहिलीत. साउंडबार एचडीएमआयने जोडणार असाल तर तो एआरसी लिहिलेल्या पोर्टातच लावायचा.

राउटर त्याच खोलीत असेल तर 5 गिगाहर्ट्झचं वाय-फाय जोडा, दोन भिंती मध्ये असतील तर 2.4 चं. खोका मात्र लगेच भंगारवाल्याला देऊ नका. बदलून घ्यायची मुदत संपेपर्यंत तो पलंगाखाली मावत नसेल तर शेजाऱ्यांकडे ठेवा.