या चुका टाळा : डिफ्रॅक्टोमीटरवर स्फटिकरचना काढताना

विभागातल्या डिफ्रॅक्टोमीटरवर (स्फटिकावर क्ष-किरण सोडून त्यातली अणूंची मांडणी शोधणाऱ्या यंत्रावर) मोजणीसाठी येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांना माझी पहिली विनंती असते की स्फटिक गाळून, वाळवून आणू नका. एका विद्यार्थिनीने डायक्लोरोमिथेनच्या द्रावणावर हेक्झेनचा थर सोडून सहा आठवडे धीराने स्फटिक वाढवले आणि शेवटच्या दिवशी घाईने पंप लावून गाळून, कोरड्या कागदावर आणले. स्फटिकातल्या रेणूंच्या जाळीत अडकलेले डायक्लोरोमिथेन चाळीस अंशांनाच उकळते, त्यामुळे वरून चकचकीत दिसणारे ते स्फटिक आतून ढासळले होते. पहिल्या काही फ्रेमवरच (क्ष-किरणांच्या चित्रांवर) स्फटिकाने वळवलेल्या किरणांचे ठिपके पसरट दिसत असतानाही आम्ही दोन रात्री मोजणी चालू ठेवली, याची मला आजही हळहळ वाटते. पुढच्या खेपेस तिने बंद कुपीच आणली. मी स्फटिक द्रावणातून थेट तेलाच्या थेंबात घेतला, बारीक फासावर (लूपवर) उचलून मिनिटाच्या आत १०० केल्विनच्या नायट्रोजन झोतात ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी रचना सुटली.

सर्वांत मोठा स्फटिक सर्वांत चांगला असतो, हा समजही सोडावा. ध्रुवक सूक्ष्मदर्शकाखाली फिरवताना जो दर ९० अंशांनी एकदम काळा होतो, म्हणजे सबंध एकच स्फटिक असतो, तोच मी निवडतो, मग तो ०.१ मिलिमीटरचा का असेना. फक्त कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन असलेल्या रेणूची निरपेक्ष संरचना (तो रेणू आणि त्याची आरशातली प्रतिमा यांपैकी नेमका कोणता) ठरवायची असेल, तर मॉलिब्डेनमऐवजी तांब्याची क्ष-किरण नळी वापरावी.

आणखी एक चूक संगणकासमोर होते. प्रोग्रॅमने सुचवलेला स्पेस ग्रुप (स्फटिकाच्या सममितीचा गट) अंतिम मानून पुढे जाणे मला मुळीच पटत नाही. सीसी आणि सी२/सी या दोन गटांत अनुपस्थित परावर्तने (सममितीमुळे न दिसणारे ठिपके) तीच असतात, म्हणून केवळ त्यांवरून निवड करता येत नाही. कॅलटेकचे रिचर्ड मार्श यांनी खऱ्यापेक्षा कमी सममितीत प्रसिद्ध झालेल्या अशा कितीतरी रचना दुरुस्त केल्या. एकाच प्रकारच्या दोन बंधांच्या लांबीत अकारण तफावत दिसली किंवा परिष्करणात (मोजणीशी जुळेपर्यंत अणूंच्या जागा सुधारताना) दोन रेणूंचे निर्देशांक एकमेकांशी घट्ट बांधलेले आढळले, की मी थांबतो आणि प्लेटन या प्रोग्रॅममधली, नजरेतून सुटलेली सममिती शोधणारी अ‍ॅडसिम तपासणी करतो. तिला जेमतेम पाच मिनिटे लागतात, आणि ती न केलेली फाइल मी वाचायला घेत नाही.