अमेरिकेत टिप देताना या चुका टाळा

अमेरिकेत टिप म्हणजे खूश होऊन दिलेली बक्षिशी, असं धरून चाललात तर तिथेच पहिली चूक होते. केंद्रीय कायद्याप्रमाणे टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने ताशी 2.13 डॉलर दिले तरी चालतं. हा आकडा 1991 पासून बदललेला नाही. किमान वेतनाचे उरलेले पैसे टिपमधून भरून निघतील, असं गृहीत धरलेलं असतं. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं, तरी टिपची रीत तिथेही तीच. म्हणून जेवण कच्चं निघालं तर मॅनेजरला सांगा, पण वेटरची टिप कापू नका. स्वयंपाकघरातल्या चुकीपायी त्याचा पगार कापणं मला तरी पटत नाही.

टेबलावर वाढणाऱ्या हॉटेलात 18 ते 20 टक्के द्यावेत, आणि तेही कर धरण्याआधीच्या रकमेवर. जेवण 60 डॉलरचं असेल तर साधारण 11-12 डॉलर.

खरा घोळ होतो कार्डाच्या पावतीवर. वेटर कार्ड घेऊन जातो आणि बहुतेक वेळा दोन पावत्या आणतो. टिपची आणि एकूण रक्कम स्वतः लिहून सही करायची असते. घाईत लोक सही केलेली पावतीच खिशात घालतात आणि कोरी टेबलावर ठेवतात. मग टिप वेटरपर्यंत पोहोचतच नाही. ‘मर्चंट कॉपी’ लिहिलेली पावती टेबलावर राहिली पाहिजे. टिप रोख देणार असाल तर त्या ओळीत ‘कॅश’ लिहा.

सहा-आठ जण एकत्र जेवलात तर आधी बिल नीट वाचा. मोठ्या टेबलाला अनेक ठिकाणी ‘ग्रॅच्युइटी’, म्हणजे टिपच, बिलात आपोआप लावलेली असते, तरीही खाली टिपची ओळ रिकामी दिसते. ती भरली की दुप्पट टिप गेली! ‘सर्व्हिस चार्ज’ दिसला तर तो वेटरला मिळतो का, हे सरळ विचारा. विचारण्यात गैर काही नाही.

हॉटेलची खोली आवरणाऱ्यांसाठी लोक शेवटच्या दिवशी पैसे ठेवतात. पण रोज तीच व्यक्ती येईल असं नसतं. रोज सकाळी दोन ते पाच डॉलर ठेवा आणि सोबत ‘हाउसकीपिंग’ लिहिलेली चिठ्ठी ठेवा, नाहीतर पाहुणा पैसे विसरला असं समजून त्या हात लावत नाहीत.

कॉफीच्या काउंटरवर टॅबलेट वळवून टिप विचारतात, तिथे मात्र ‘नो टिप’ बिनधास्त दाबा.