लग्नपत्रिकेच्या नावाने येणारी फाइल: फोन कसा जपावा, फसलात तर काय करावं

लग्नसराईत मावशीला व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका आली. नंबर ओळखीचा, गावातल्याच गुरुजींचा. उघडायला गेली तर फोनने विचारलं, हे अ‍ॅप इन्स्टॉल करू द्यायचं का? तिने ‘होय’ केलं. मग मेसेज वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. पत्रिका काही दिसली नाही. रात्री खात्यातून पैसे गेले आणि सकाळी तीच ‘पत्रिका’ तिच्या नावाने साऱ्या नातेवाइकांना पोचली होती. गुरुजींचाही दोष नव्हता; त्यांचा फोन आधीच बाधित झाला होता.

ती पत्रिका नव्हती, अ‍ॅप होतं. असं अ‍ॅप बँकेचा ओटीपी आला की तो परस्पर चोराकडे पाठवतं. वाहतूक चलन, वीजबिल, बँकेचं केवायसी अशी नावं बदलतात, डाव तोच. पण फाइल नुसती फोनवर आली म्हणून काही बिघडत नाही. ती इन्स्टॉल केली की घात होतो.

१. फाइलच्या नावाचं शेपूट वाचा. पत्रिका म्हणजे फोटो, व्हिडिओ किंवा पीडीएफ. शेवटी टिंब देऊन ए-पी-के ही इंग्रजी अक्षरं असतील तर ते अ‍ॅप आहे. पाठवणाऱ्याला फोन करून विचारा. मेसेज करून नको, कारण त्याचं व्हॉट्सअ‍ॅप चोराच्या हाती असू शकतं. चलन खरं आहे का, ते वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन बघा.

२. दार लावून घ्या. माझ्या मते सगळ्यात मोलाची पायरी हीच, आणि दोन मिनिटांचं काम आहे. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये वर शोधायच्या जागी ‘अननोन अ‍ॅप्स’ टाइप करा. यादीत व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, क्रोम आणि फाइल्स यांच्यापुढची परवानगी बंद करा. आईवडिलांच्या फोनवर हे तुम्हीच करून द्या.

३. परवानगी देताना थांबा. टॉर्चच्या अ‍ॅपला तुमचे मेसेज कशाला हवेत? ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी तर फार जपून द्या. ती मिळालेलं अ‍ॅप स्क्रीनवरचं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं.

४. प्ले स्टोअरमधल्या आपल्या फोटोवर टिचकी मारून ‘प्ले प्रोटेक्ट’, म्हणजे फोनमधली घातक अ‍ॅप्स शोधणारी गूगलची सोय, चालू आहे ना, ते बघा.

५. अपडेट पुढे ढकलू नका, विशेषतः संगणकावर. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या व्हायरसने जगभरातल्या संगणकांवरच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या फटीतून तो पसरला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं! फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि काम झालं की ती डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली तर तिच्यावरच्या फाइलीही कुलूपबंद होतील.

इन्स्टॉल करून बसलात तर?

घाबरू नका, पण वेळही घालवू नका. फोन लगेच फ्लाइट मोडवर टाका, वायफायही बंद करा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं, कार्ड आणि यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर त्याच दमात १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जितकं लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची आशा जास्त. लाज वाटून सकाळची वाट पाहू नका. मावशीने पाहिली, तेवढ्या वेळात पैसे पुढे निघून गेले.

त्या मेसेजचा, नंबरचा आणि बँकेच्या मेसेजांचा दुसऱ्या फोनने फोटो काढा, तक्रारीला लागतो. मग फोन सेफ मोडमध्ये (यात बाहेरून टाकलेली अ‍ॅप्स चालत नाहीत) सुरू करून ते अ‍ॅप काढा. निघत नसेल तर सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ शोधून त्या अ‍ॅपला मिळालेला फोनवरचा हा खास अधिकार आधी काढून घ्या. कधीकधी अ‍ॅपचं चिन्ह पडद्यावर दिसतच नाही, म्हणून अ‍ॅप्सची पूर्ण यादी बघा. एवढं करूनही मी फोन फॅक्टरी रीसेट करायलाच, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा करायलाच सांगेन. पासवर्ड आणि यूपीआय पिन मात्र बाधित फोनवरून बदलू नका. त्यासाठी दुसरा, स्वच्छ फोन किंवा बँकेची शाखा गाठा.

आणि ज्यांना तुमच्या नावाने ती फाइल गेली असेल, त्यांना एकेकाला फोन करा.